लिंबाजीशेटांचं ‘आपण’

सरपंच, पंच मंडळी, गावातल्या आयाबाया, चऱ्होली-थेरगावाहून आलेले पाव्हणे, आणि मागं दाराशी उभे असलेले पिंपरीच्या छावणीतले भाऊ. भावांनो, तुम्ही आधी आत या. इथं पुढं जागा आहे. आम्ही सतरंजीवर आणि तुम्ही दाराशी, हे आज बरं दिसत नाही. किशनभाई, या इकडे. मी थांबतो.

बसलात? बरं.

मंडळी, मला बोलायला आवडतं हे गावाला चांगलं ठाऊक आहे. मी काही वर्षं शाळामास्तर होतो, मग शेतीत आलो, पण मास्तरकीची खोड गेली नाही. लग्न असो, बारसं असो, कुणी बोलवायच्या आधी आप्पा मास्तर उभा. आज मात्र सरपंचांनी दोनदा नाव घेतलं तेव्हा उठलो. जीभ उचलत नाही. त्यात ही शेड. या शेडमध्ये बोलायचं म्हणजे ओरडावं लागायचं, मशीन चालू असायची. आज मी हळू बोललो तरी शेवटच्या माणसाला ऐकू जातंय. हे मला सहन होत नाही.

माझ्या आधी तिघं बोलले. चांगलं बोलले. एक म्हणाले, ‘परदेशी असूनही त्यांनी गावावर प्रेम केलं.’ दुसरे म्हणाले, ‘परधर्माचे असूनही.’ तिसऱ्यांनी सांगितलं, ‘ते आमचे कुणी नसतानाही.’ मी खाली बसून ऐकत होतो आणि ते ‘असूनही’ मला टोचत होतं. मी भांडायला उठलेलो नाही. आणि भांडायचंच झालं तर सुरुवात माझ्यापासून करावी लागेल.

बाहेरगावच्या पाव्हण्यांसाठी थोडं सांगतो. लिंबाजीशेटांचं खरं आडनाव लिंडेमान. जर्मनीचे. तरुणपणी मुंबईच्या एका जर्मन पेढीचा माणूस म्हणून आले. कात्र्या, सुया, कापडाचे रंग, कंदील असा माल घेऊन हिंडायचे. आपल्या चिंचवडच्या स्टेशनाजवळ त्यांनी वखार घातली. का घातली? मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, ‘रेल्वे आहे, नदी आहे, आणि लोक भाव करताना हसतात.’ आडनावाचा अर्थ विचारला, तर म्हणाले, लिंडे नावाचं एक झाड असतं त्यांच्याकडे, गावात मधोमध लावतात, लोक त्याखाली बसतात. मग काय, आमच्या आईनं तिथल्या तिथं बारसं केलं. ‘म्हंजी लिंब की. लिंबाजी म्हना.’ तेव्हापासून लिंबाजीशेट. त्यांना ते नाव इतकं आवडलं की वखारीच्या दारावर मराठीत तेच लिहून घेतलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. सरकार इंग्रजांचं, आणि हे जर्मन. पोलीस आले आणि शेटांना घेऊन गेले. कितीतरी वर्षं त्यांना जर्मन लोकांना डांबायच्या छावणीत ठेवलं. वखार जप्त झाली. युद्ध संपलं, सुटका झाली, बाकीचे आपापल्या देशी गेले. आणि एके दिवशी दुपारच्या गाडीनं हे आपल्या स्टेशनावर उतरले. हातात एक पत्र्याची पेटी. मी बैलगाडी घेऊन तिथंच होतो. मी विचारलं, ‘शेट, घरी नाही गेलात?’ माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, ‘आलो की.’

पुढचं तुम्हाला माहीत आहे. वखारीच्या जागी ही शेड उभी राहिली. पाणी ओढायचे पंप इथं बनायला लागले. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं पिंपरीच्या छावणीत पडली होती, त्यांना कुणी कामावर घेत नव्हतं. शेटांनी घेतलं. गावातलीही पोरं घेतली. स्टेशनापासून गावठाणापर्यंतच्या वाटेवर कंदिलाचे खांब लावले, बायका गाडीवरून येताना अंधारात ठेचकाळतात म्हणून. आणि हौद बांधला. त्या हौदाचं मला सांगायचं आहे, कारण तिथूनच हा सगळा घोळ आहे.

शेटांना मराठी मीच शिकवली. संध्याकाळी या शेडच्या बाहेर, जांभळाखाली. त्यांचं ‘माझा पाणी’ आणि ‘माझी नळ’ शेवटपर्यंत गेलं नाही. ते चालायचं. पण एका गोष्टीवर मी त्यांच्या मागं हात धुऊन लागलो होतो. ते सगळीकडे ‘आपण’ म्हणायचे, मानाचं ‘आपण’ नव्हे, स्वतःलाही धरून. दुकानातल्या मापाड्याला, ‘आपण किती घेतलं?’ माझ्या घरी येऊन माझ्याच बायकोला, ‘वहिनी, आपण काल काय शिजवलं?’ गावात हसून मुरकुंडी वळायची. माझ्या घरातल्यांनी तर पदर तोंडाला लावला.

मी त्यांना समजावलं. ‘शेट, असं नसतं. मराठीत दोन शब्द आहेत. समोरचा माणूस आपल्यात धरायचा असेल तर आपण. समोरचा त्यात नसेल तर आम्ही. मी तुम्हाला म्हणालो, आपण जेवू, तर तुमचं ताट मांडलंय. मी म्हणालो, आम्ही जेवतो, तर तुम्ही आता घरी जा.’ ते हसले. म्हणाले, ‘आप्पा, आमच्याकडे एकच शब्द. आत कोण, बाहेर कोण, ते शब्दावरून कळत नाही.’ मी म्हणालो, ‘मराठीत कळतं.’ मला त्या दिवशी आपल्या भाषेचा फार अभिमान वाटला, हे कबूल करतो.

तर हौद. शेट ग्रामसभेत मागच्या बाजूला बसायचे, न चुकता. एकदा उभे राहिले. ‘आपण नदीचं पाणी वर आणलं पाहिजे. बायका किती चढतात.’ कुणीतरी मागून बोललं, ‘ह्याचं काय जातंय आपुन म्हनायला?’ शेटांनी ऐकलं. पण त्या उन्हाळ्यात पवनेवर त्यांचा पंप बसला, वर हौद बांधून झाला आणि नळाला पाणी आलं. मग पाटी लावायचं निघालं. कुणी म्हणालं देणगीदाराचं नाव घाला. कुणी, मी नाव घेत नाही, पण इथंच बसलेत, म्हणाले, कोणी भरायचं आणि कोणी नाही ते घाला. शेट म्हणाले, ‘मी लिहितो.’ ब्रश घेतला आणि स्वतः लिहिलं. ‘आपला हौद.’ ‘ला’चा काना जरा वाकडा आहे, अजून तसाच आहे. येताना बघितला असेल तुम्ही. आणि त्या पाटीपुढं कुणी कुणाला अडवायची सोय राहिली नाही. गावातल्या सगळ्या वस्त्यांतल्या बायका एका ओळीत उभ्या राहिल्या. मी मास्तर. मला तेव्हा कळलं की ह्या माणसाला व्याकरण येत नाही असं नाही. त्याला आमचं व्याकरण मान्य नाही.

मंडळी, शेट देत होते तोवर त्यांचं ‘आपण’ आपल्याला गोड लागत होतं. आपला हौद, आपले खांब, आपली शेड. मग गेल्या हिवाळ्यात त्यांनी काहीतरी मागितलं.

तुम्ही सगळे होतात त्या सभेला. शेटांची तब्येत ढासळली होती, छातीत दुखायचं. ते उठले आणि म्हणाले, ‘एक विचारायचं. मेल्यावर आपण कुठं जातो?’ सगळे हसले. कुणीतरी वर बोट दाखवलं. शेटही हसले. म्हणाले, ‘वर नंतर. आधी खाली. आमच्यात पुरतात. मला ह्या गावात जागा पाहिजे. जांभळापाशी थोडीशी. कुठं ते आपण ठरवू.’

हसू थांबलं. आठवतंय ना? कुणी ‘नाही’ म्हणालं का? कुणीच नाही. आपण कुणाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणारी माणसं नाही, तेवढे सभ्य आहोत. पण एकानं पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. एकानं तंबाखू मळायला घेतली. एक म्हातारबा हळूच म्हणाले, ‘गावठानात पुरायचं म्हंजी... देवाचं हाय की हितं.’ सरपंचांनी माझ्याकडे बघितलं. का, तर मास्तर गोड बोलतो. आणि मी उठलो. हात जोडले. म्हणालो, ‘शेट, तुम्ही काळजी करू नका. तुम्ही आमचेच आहात. आम्ही बघू.’

आम्ही बघू.

ह्याचा अर्थ इथल्या शेंबड्या पोरालाही कळतो. शेट म्हणाले, ‘बरं.’ आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी मी जांभळाखाली गेलो. नेहमीसारखा. ते पंपाचं झाकण पुसत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘आप्पा, काल तुम्ही शब्द बरोबर वापरला.’ मी म्हणालो, ‘कुठला?’ म्हणाले, ‘आम्ही.’ रागानं नाही म्हणाले. विद्यार्थ्याला एकदाचा धडा समजावा, तसं म्हणाले. मग चहा मागवला, पंपाचं काहीतरी बोलले. मी चहा प्यालो. मंडळी, मी तो चहा पूर्ण प्यालो. तेव्हाच त्यांचा हात धरून सरपंचांकडे जायला पाहिजे होतं, परत सभा घ्या म्हणायला पाहिजे होतं. त्यापुढं किती महिने होते माझ्या हातात. पण लगीनसराई होती, ऊस होता, आणि शेटांनी तो विषय परत काढला नाही. त्यांनी काढला नाही म्हणून मला बरंच वाटलं. हेही सांगतो.

आता त्या सकाळचं.

गंगूबाई रोज त्यांची भाकरी करायची, तिलाच ते दिसले. ह्याच खुर्चीत बसलेले, ही कोपऱ्यातली. थोड्याच वेळात सगळं गाव ह्या आवारात. मीही. कुणाला बोलवावं लागलं नाही, हे खरं. पण येऊन आपण काय केलं? उभे राहिलो.

गावात कुणी गेलं की काय होतं? बांबू कोण आणतो ते विचारावं लागत नाही, आपोआप येतात. कुणी सुतळी, कुणी मडकं. माझी आई गेली तेव्हा शेट आमच्या बांबूच्या बेटात कोयता घेऊन घुसले होते, हात कापला त्यांचा. अनवाणी चालले. घाटापर्यंत खांदा सोडला नाही. माझा चुलतभाऊ म्हणाला, ‘शेट, द्या आता, दमलात.’ तर म्हणाले, ‘आपली आई.’ व्याकरणाचं मी त्या दिवशी काही बोललो नाही.

आणि त्यांच्या दारात आपण उभे. मी म्हणालो, ‘त्यांच्या लोकांना कळवा.’ लगेच सगळे म्हणाले, ‘व्हय व्हय, त्यांच्या लोकांना.’ त्यांचे लोक म्हणजे कोण? कुणालाच माहीत नव्हतं. पुण्यात त्यांचं देऊळ कुठलं, पाद्री कोण? शेट तिकडे कधी गेल्याचं मला आठवत नाही. तरी पुण्याला माणूस पाठवला. कुणीतरी म्हणालं, ‘त्यांचं शास्त्र येगळं असतं, आपुन हात लावला आनि काय चुकलं तर?’ ते सगळ्यांना पटलं. मला लगेच पटलं. मंडळी, त्या दिवशी आपण शेटांना हात लावला नाही तो मान राखण्यासाठी. असं आपण म्हणत होतो. मानाच्या नावाखाली माणसाला किती लांब ठेवता येतं, ते मी त्या दिवशी बघितलं. स्वतःत बघितलं.

गंगूबाई एकटी बोलली. ती पायरीवर बसली होती. म्हणाली, ‘आरं, रोज माझ्या हातचं खाल्लं त्यानं. त्याला काय चुकलं न्हाई. तुमाला काय चुकतंय?’ तिला म्हणालो, ‘बाई, तू आत जा.’ हे मी म्हणालो. गंगूबाई, तू तिथं बसलीयेस, मला दिसतेस. माझं चुकलं.

दुपारी पुण्याहून गाडी आली. दोन माणसं उतरली. एकानं विचारलं, ‘बॉडी कुठाय?’ नाव नाही, काही नाही. आपण दार दाखवलं. त्यांनी शेटांना उचललं. आपण हात जोडून रांगेत उभे. फार शिस्तीत उभे होतो. गाडीत बाकावर जागा होती. ड्रायव्हरनं विचारलंसुद्धा, ‘कोणी येणार?’ मी सरपंचांकडे बघितलं. सरपंचांनी माझ्याकडे. गाडी गेली.

किशनभाई, आता तुमच्याबद्दल बोलतो, रागावू नका.

ह्यांना पिंपरीत कळलं, तसे हे मिळेल त्या ट्रकवर चढून पुण्याला गेले. कुणी सांगितलं नव्हतं. दफनभूमी शोधत शोधत पोहोचले. दुसऱ्या दिवशी मी छावणीत गेलो, विचारायला. खरं तर मन हलकं करायला. ह्यांनी सगळं सांगितलं. खड्डा तयार होता. पाद्रीबाबांनी विचारलं, ‘नातेवाईक कोण?’ आणि किशनभाई म्हणाले, ‘हम.’ बस एवढंच. पाद्रीबाबांनी परत विचारलं, ‘हम म्हणजे कोण?’ तर हे म्हणाले, ‘हम सब.’ आणि माती टाकली.

मी किशनभाईंना म्हणालो, ‘तुम्ही त्यांचे विधी विचारले नाहीत का?’ बघा, तिथंही मी मास्तरच. ते म्हणाले, ‘आप्पाजी, सेठने हमको काम दिया तब विधी नहीं पूछा. हम क्या पूछते?’

घरी येताना वाटभर माझ्या डोक्यात तो शब्द होता. हम. त्यांच्याकडेही एकच शब्द आहे. शेटांसारखाच. ह्या लोकांचं घरदार सिंधमध्ये राहिलं, त्यांना गावात कुणी ओळखत नव्हतं, आणि नातेवाईक म्हणून तेच उभे राहिले. आणि ज्यांच्याकडे दोन शब्द होते, ते इथं आवारात झाडाखाली उभे राहून पान खात होते. माझी मराठी सुंदर आहे, मंडळी, मी अजूनही म्हणतो. पण तो दुसरा शब्द मी फार सहज वापरला.

आता मी काय करू शकतो? काही नाही. शेट पुण्याच्या मातीत आहेत, अनोळखी माणसांच्या शेजारी. त्यांना तिथून कुणी आणणार नाही. मी इथं छाती बडवली तरी जांभळाखालची जागा त्यांना मिळायची नाही. ‘वेळ निघून गेली’ असं आपण सहज म्हणतो. वेळ कशाला जाते? वेळ जांभळाखाली बसून होती. आपणच तिकडे फिरकलो नाही.

एक गोष्ट मात्र हातात आहे, आणि त्यासाठी मी उठलो. सरपंच, तुम्ही रागवा, पण बोलतो. पंचायतीनं ठरवलंय की जांभळापाशी शेटांच्या नावाचा दगड बसवायचा. ठराव एकमतानं झाला. कुणी अंगठ्याकडे बघितलं नाही, कुणी तंबाखू मळली नाही, देवाचंही कुणाला आठवलं नाही. दगडाला त्याच जागी लगेच जागा मिळाली. बसवा, माझी ना नाही. पण त्यावरचा मजकूर मी वाचला. ‘आम्हा चिंचवड ग्रामस्थांवर अनंत उपकार करणारे थोर जर्मन व्यापारी.’ शुद्ध आहे. एक वेलांटी चुकलेली नाही. मला माहीत आहे कुणी लिहिलंय, माझ्याच विद्यार्थ्यानं लिहिलंय, मीच शिकवलंय त्याला.

सरपंच, तो ‘आम्हा’ दगडावर नको. तोंडातून गेला ते गेलं, दगडावरून जाणार नाही. पुढं इथं कारखाने येतील, माणसं येतील कुठून कुठून, त्यांनी वाचलं तर म्हणतील, हे कुणी पाव्हणे असतील, उपकार करून गेले. ते पाव्हणे नव्हते. ते घरी आले होते. मला स्टेशनावर तसं म्हणाले होते.

मी आज सकाळी पाथरवटाकडे गेलो होतो. म्हटलं, कुठवर आलं? म्हणाला, ‘मास्तर, आत्ता पहिलं अक्षर झालं. आ.’ मी तिथंच खाली बसलो. म्हटलं, बाबा, थांब. तेवढ्यावरच थांब. ‘आ’नं ‘आपले’सुद्धा सुरू होतं. काही खोडावं लागणार नाही. ‘आपले लिंबाजीशेट’, एवढंच लिही. काना वाकडा आला तर येऊ दे.

तो सरपंचांच्या होकारासाठी थांबलाय. सरपंच, मी ‘आम्ही बघू’ ऐकायला तयार नाही. ह्या सभेत सांगा.

...सरपंचांनी होकाराची मान हलवली. सगळ्यांनी बघितली. बरं. गंगूबाई, तू पण बघितलीस ना? तू साक्षीदार.

झालं माझं. आता उभं राहायचं आहे. सूचना द्यायची म्हणून कागदावर लिहून दिलंय मला, ‘आम्ही सर्व ग्रामस्थ दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून’ वगैरे. हा कागद मी खिशात घालतो.

शेट, मी तुम्हाला तो शब्द शिकवला आणि तुमच्यावरच वापरला. माफी मागायला तोंड नाही. पण तुमचा शब्द मला आता येतो.

उठा, मंडळी. किशनभाई, इकडे या, माझ्या शेजारी. गंगूबाई, तुला उठवत नाही, तू बसूनच राहा. शेट तर कधीचे गप्प आहेत.

आता आपण गप्प राहू.